जलाशयाकाठचे नगर : मुळशी तालुक्यातील गिरिनगर-वसाहतीचा इतिहास

प्रस्तावना

पर्वतप्रदेशातील वसाहतींचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः दोन नमुने समोर ठेवतात. पहिला नमुना आल्प्स अथवा रॉकी पर्वतातील हिमक्रीडेच्या गावांचा. गुरे राखणाऱ्यांचे किंवा खाणकामगारांचे एखादे खेडे असते, त्याला बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा शोध लागतो आणि दोन पिढ्यांत तेथे हॉटेलांची रांग उभी राहते. दुसरा नमुना वसाहतकालीन भारतातील थंड हवेच्या ठिकाणांचा. महाबळेश्वर, माथेरान आणि लोणावळा-खंडाळा ही आपल्याकडील त्याची परिचित उदाहरणे होत. सह्याद्रीत बर्फ नाही. येथील पर्वतनगराचा हंगाम पावसाच्या आणि धुक्याच्या आधाराने ठरतो. तथापि कष्टाने जगणाऱ्या डोंगरी वस्तीच्या जागी विश्रांतीसाठी येणाऱ्यांचे नगर कसे उभे राहते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या, विशेषतः मोसे खोऱ्यातील लवासा या नियोजित नगराच्या संदर्भात तपासला आहे.

लवासाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी पर्यावरणाच्या किंवा राजकारणाच्या अंगाने. ते आवश्यकच होते. परंतु वस्तीच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. या तालुक्यात विसाव्या शतकात जे जे नवे उभे राहिले, त्याच्या मुळाशी कुठले तरी धरण आहे. आधी पाणी अडले, मग माणसे हलली आणि त्यानंतर त्या पाण्याच्या दर्शनाला किंमत आली. हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय लवासाचा इतिहास २००० सालापासून सुरू होतो, असा गैरसमज होण्याचा संभव आहे. त्या नगराच्या प्रसिद्धिसाहित्याने तो समज जोपासलाही.

खोऱ्यांचा प्रदेश

मुळशी तालुका म्हणजे मुळा आणि मुठा या नद्यांच्या उगमाचा प्रदेश. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, त्यापलीकडे कोकण. पूर्वेस डोंगर उतरत उतरत पुण्याच्या सपाटीला मिळतात. शिवकाळात बारा मावळांत गणली जाणारी पौड खोरे, मुठे खोरे आणि मोसे खोरे ही या परिसरातीलच. मोसे खोऱ्याची देशमुखी बाजी पासलकरांकडे होती. गाव, वाडी, देशमुखी आणि घाटवाट अशी वस्तीची रचना येथे रूढ होती. घाटमाथ्यावरील कोरीगड व घनगड हे किल्ले या वाटांवर लक्ष ठेवीत असत. ताम्हिणी घाटाच्या परिसरात पर्जन्यमान अतिशय मोठे. पूर्वेकडे जसजसे यावे तसतसा पाऊस झपाट्याने कमी होतो.

भात हे खाचरातील पीक. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. भाताच्या रोपासाठी राब भाजावयाचा आणि चार महिन्यांच्या पावसानंतर उरलेले वर्ष जनावरे, हिरडा, लाकूडफाटा व पुण्या-मुंबईची मजुरी यांवर काढावयाचे, असे हे अर्थकारण होते. मराठा-कुणबी, महादेव कोळी, धनगर व कातकरी हे येथील प्रमुख समाज. वस्ती विरळ, वाड्या लहान आणि एकमेकींपासून दूर. याचे कारण जमिनीत आहे. खाचराजोगा सपाट तुकडा जेथे मिळेल तेथेच वाडी बसे. असे सपाट तुकडे बहुधा नदीच्या काठीच असत. पुढे जलाशयाने जी जमीन पहिल्यांदा गिळली ती नेमकी हीच होती.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. इंग्रजांनी जेव्हा सह्याद्रीत थंड हवेची ठिकाणे शोधली, तेव्हा मुळशीच्या या खोऱ्यांकडे त्यांचे लक्ष गेले नाही. १८२०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने महाबळेश्वर येथे वसाहत झाली; तिला माल्कम पेठ असे नाव पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून १८२९ मध्ये ती जागा बदल्यात घेण्यात आली. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस आले आणि १९०७ मध्ये तेथे छोटी रेल्वे पोहोचली. या दोन्ही ठिकाणी उंच पठार होते आणि हवा थंड होती. मुळशीची खोरी तुलनेने खोल. साहेबाच्या प्रकृतीस ती मानवण्याजोगी नव्हती. म्हणून एकोणिसाव्या शतकात ती दुर्लक्षित राहिली आणि पुढे पाण्याच्या अभियंत्यांच्या दृष्टीस पडली.

पहिले धरण आणि पहिले विस्थापन

लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी बांधलेल्या जलाशयांतून १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस पूर्वेकडे वाहून जाऊ न देता पश्चिमेस कोकणात सोडायचा आणि त्या प्रचंड उतारावर वीज निर्माण करावयाची, ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या निःसंशय तेजस्वी होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्याच मालिकेतील पुढची योजना मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी, मुळशी गावाजवळ ठरली. तीत पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन खाजगी कंपनीसाठी शेतजमीन घेण्यात येत होती. तिच्या विरोधात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातील अग्रगण्य नावे. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद याच लढ्यात लाभले. ‘जान किंवा जमीन’ ही लढ्याची घोषणा होती. मावळे, त्यात स्त्रियाही, कामाच्या जागी जाऊन बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. पहिल्या टप्प्यात काम काही काळ थांबवावे लागले. परंतु १९२४ पर्यंत लढा ओसरला. बापटांनी अखेरच्या टप्प्यात अहिंसेची मर्यादा ओलांडून कामावरची रेल्वे अडविण्याचा मार्ग पत्करला आणि दीर्घ कारावास भोगला. १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे, त्यातील एक मुद्दा वस्तीच्या इतिहासासाठी मोलाचा आहे. मुळशीतील जमिनीचा मोठा भाग कागदोपत्री पुण्यातील सावकारांकडे गेलेला होता. जमीन कसणारा मावळा आणि जमिनीचा धनी यांच्या हितसंबंधांत त्यामुळे अंतर पडले. सावकाराला भरपाईचा दर महत्त्वाचा होता. कुळाला खाचर हवे होते. चळवळ फुटली याची कारणे अनेक आहेत, पण हे कारण मुळातले होय. भूमीचे रूपांतर रकमेत करता येते, हे ज्याला मान्य आहे त्याच्याशीच कंपनीचा व्यवहार सुलभ होतो. ऐंशी वर्षांनंतर मोसे खोऱ्यात हीच गोष्ट वेगळ्या स्वरूपात पुन्हा दिसते.

धरणानंतर काही कुटुंबे मुंबई-पुण्यास गेली. अनेकांनी मात्र पाण्याच्या रेषेवर सरकून काठावरच घरे बांधली. जमीन संपादित झालेली असल्याने त्यांच्या पायाखालची माती त्यांच्या नावावर नव्हती. गाव होते, पण गावठाण नव्हते. ही विसंगती अनेक दशके टिकली.

मोसे खोरे : दुसरे धरण

मुळशीचे पाणी पश्चिमेस गेले. मोसे नदीचे पाणी पूर्वेस, पुण्याकडे येते. खडकवासल्याचे धरण १८७९ मधले. शहर वाढत गेले तसतशी त्याच्या वरच्या अंगास नवी धरणे बांधणे भाग पडले. आंबी नदीवरील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या शेजारच्या मोसे नदीवर पुढे वरसगावचे धरण झाले. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते पूर्ण झाले. जलाशयास वीर बाजी पासलकर यांचे नाव देण्यात आले. ज्या देशमुखाच्या खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली, त्याच देशमुखाचे नाव त्या पाण्याला लाभावे, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल. विस्थापितांपैकी अनेकांना पूर्वेकडे, दौंड तालुक्यात जमिनी देण्यात आल्या. भाताचा शेतकरी उसाच्या प्रदेशात गेला. जे मागे राहिले ते वरच्या वाड्यांत राहिले. त्यांच्या आणि पुण्याच्या दरम्यान आता मैलोगणती पाणी होते.

म्हणजे १९९०च्या दशकात मोसे खोऱ्याची अवस्था अशी होती : सुपीक पट्टा बुडालेला, लोकसंख्या घटलेली, रस्ता दुर्गम, जमिनीचा भाव नगण्य. आणि समोर, चहूबाजूंनी हिरव्या डोंगरांनी वेढलेले, विस्तीर्ण, निळे सरोवर. शेतीच्या हिशेबाने ही भूमी उणी झाली होती. देखाव्याच्या हिशेबाने ती नव्याने निर्माण झाली होती. हा देखावा निसर्गाने दिलेला नव्हता, पाटबंधारे खात्याने दिलेला होता. लवासाच्या जाहिरातीत ज्याला निसर्गरम्य म्हटले गेले, त्याचा अर्धा भाग एका सरकारी बांधकामाचा परिणाम आहे.

टिन्य : एक समांतर उदाहरण

येथे तुलनेसाठी फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातील टिन्य या गावाचा विचार उपयुक्त ठरेल. आज ते हिमक्रीडेचे मोठे केंद्र आहे. १९९२ च्या आल्बेरव्हिल हिवाळी ऑलिंपिकमधील काही स्पर्धा तेथे झाल्या. परंतु हे टिन्य मूळचे टिन्य नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या राष्ट्रीयीकृत वीजमंडळाने इझेर नदीवर सुमारे १८० मीटर उंचीचे धरण बांधले आणि १९५२ मध्ये जुने गाव पाण्याखाली गेले. गावकऱ्यांनी अनेक वर्षे विरोध केला. शेवटच्या कुटुंबांना पोलिसांच्या साह्याने बाहेर काढावे लागले, कबरस्तान हलवावे लागले. जुन्या चर्चची प्रतिकृती वरच्या वस्तीत उभारण्यात आली. त्यानंतरच्या दोन दशकांत, आणखी उंचावरच्या तळ्याकाठी, आजचे पर्यटननगर उभे राहिले. कायम रहिवासी दोन-अडीच हजार आणि पर्यटकांसाठीच्या खाटा त्याच्या दहापटीहून अधिक, असे त्याचे स्वरूप आहे. देखभालीसाठी जेव्हा तो जलाशय रिता केला जाई, तेव्हा जुन्या गावाचे अवशेष पाहण्यास लोक जमत.

क्रम तोच आहे : खेडे, धरण, विस्थापन, पर्यटननगर. मग फरक कोठे? माझ्या मते तो नगराच्या शासनसंस्थेत आहे. गाव बुडाले तरी टिन्यची नगरसंस्था बुडाली नाही. फ्रान्समधील प्रत्येक लहान गावाप्रमाणे तेथे निवडून आलेला महापौर व मंडळ होते. नवे नगर कोठे आणि कसे व्हावे, या निर्णयांत त्या मंडळाचा अधिकार राहिला आणि करांचे उत्पन्नही तिकडे आले. विस्थापितांचे दुःख त्याने नाहीसे झाले असे नव्हे. मात्र वस्तीचा कायदेशीर वारसा अखंड राहिला. मोसे खोऱ्यात तो तसा राहिला नाही.

लवासा : नाव, कायदा, नगर

२६ नोव्हेंबर १९९६ रोजी महाराष्ट्र शासनाने डोंगरी भागातील पर्यटननगरांच्या विकासासाठी विशेष नियमावली जाहीर केली. खाजगी भांडवलाने नवी थंड हवेची ठिकाणे उभारावीत, हा तिचा गाभा. मुळशी तालुक्याच्या वायव्येस, कोरीगडाच्या पायथ्याशी अँबी व्हॅली हा एक प्रकल्प झाला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या जप्तीचा व लिलावाचा आदेश दिला. मोसे खोऱ्यात जून २००१ मध्ये मुळशी व वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाले. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या अखत्यारीतील ‘लेक सिटी’ या नावाच्या कंपनीचे २००४ मध्ये ‘लवासा’ असे नामांतर झाले. नियोजित क्षेत्र सुमारे २५,००० एकर, म्हणजे स्थूलमानाने शंभर चौरस किलोमीटर.

‘लवासा’ हा घडवलेला शब्द आहे. त्याला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. या खोऱ्यातील गावांची नावे पाहावीत : मुगाव, दासवे, धामणओहोळ. यांतील शेवटच्या नावात धामण आहे आणि वाहणारा ओहोळ आहे. जागेचे वर्णनच नावात सामावलेले आहे. नव्या नगराचे नाव मात्र ज्याला पूर्वस्मृती नाही असेच निवडले गेले. स्थलनामांच्या अभ्यासकांनी या प्रकारच्या नावांकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावयास हवे.

नगराचा आराखडा एचओके या अमेरिकी संस्थेने केला. दासवे हे पहिले उपनगर; त्याचा सरोवराकाठचा दर्शनी भाग इटलीतील पोर्टोफिनो या बंदराच्या धर्तीवर, पिवळ्या-तांबूस-केशरी रंगांच्या इमारतींचा. पोर्टोफिनो हे मुळात कोळ्यांचे गाव. त्याच्या इमारती शतकानुशतके एकमेकींना टेकत वाढल्या. दासव्यात तो आकार एकदम, काही वर्षांत, उतारावर उभा केला गेला. आराखड्यास परदेशी नगररचना-संस्थांचे पुरस्कार लाभले. पूर्ण झाल्यावर अडीच-तीन लाख लोकांची कायम वस्ती अपेक्षित होती.

जमीन कशी मिळाली, हा इतिहासाचा कळीचा प्रश्न. येथे १९२१ प्रमाणे भूसंपादन कायदा मुख्य साधन नव्हता. बहुतांश जमीन खरेदीने घेतली गेली आणि सरकारी पाटबंधारे महामंडळाकडील काही जमीन २००२ मध्ये भाडेपट्ट्याने मिळाली. खरेदी म्हटली की स्वेच्छा गृहीत धरली जाते. परंतु धरणाने ज्याचे खाचर आधीच नेले होते, ज्याच्या वाडीला रस्ता नव्हता, त्याच्या स्वेच्छेचे मोल कसे ठरवावयाचे? शिवाय कमाल जमीन धारणा कायद्याखाली भूमिहीनांना वाटलेल्या जमिनी आणि आदिवासींच्या जमिनी यांच्या हस्तांतरणाविषयी वाद उत्पन्न झाले. मुगाव परिसरातील आदिवासी कुटुंबांनी जमिनी परत मिळाव्यात म्हणून मागणी केली. मुळशी सत्याग्रहात सावकार व कूळ यांच्यामध्ये जी फट होती, तीच येथे सातबाऱ्यावर नाव असणारा आणि प्रत्यक्ष कसणारा यांच्यामध्ये होती.

नियोजनाचा अधिकार हा दुसरा प्रश्न. जून २००८ मध्ये शासनाने खुद्द कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. बांधकाम करणारा आणि बांधकामाला परवानगी देणारा एकच झाला. ग्रामपंचायती अस्तित्वात होत्या. पण नगराच्या आराखड्यावर त्यांचा हात चालेना. टिन्यशी भेद तो हाच. २०१७ मध्ये हा दर्जा काढून घेण्यात आला आणि नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले. तोवर दासव्याचा काठ बांधून झाला होता.

हजार मीटरची रेषा

२५ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस बजावली आणि काम थांबले. त्यावेळी झालेला युक्तिवाद मासलेवाईक आहे. केंद्राच्या १९९४ च्या अधिसूचनेनुसार पर्यटनप्रकल्पाला समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून अधिक उंचीवर परवानगी आवश्यक होती. कंपनीचे म्हणणे असे की राज्याच्या पर्यावरण विभागाची परवानगी २००४ मध्येच मिळालेली आहे आणि आपली जागा त्या उंचीखाली आहे. याचा अर्थ असा होतो की राज्याच्या नियमावलीसाठी जे ठिकाण गिरिस्थान होते, ते केंद्राच्या अधिसूचनेसाठी पुरेसे उंच नव्हते! काही क्षेत्र त्या रेषेच्या वर असल्याचे पुढे तपासणीत दिसले. ९ नोव्हेंबर २०११ रोजी पहिल्या टप्प्यातील २,००० हेक्टरसाठी अटींसह परवानगी देण्यात आली.

वर्षभराच्या खंडाने प्रकल्पाची आर्थिक घडी विसकटली, असे कंपनीची बाजू मांडणारे म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. तथापि कर्जावर उभारलेले आणि घरे विकून कर्ज फेडण्याची अपेक्षा धरणारे नगर कितपत टिकाऊ होते, हा प्रश्न उरतोच. महाबळेश्वरला सरकारी उन्हाळी मुक्कामाचा आधार होता. टिन्यला बर्फाचा निश्चित हंगाम. दासव्याला आधार होता तो शनिवार-रविवारच्या पुणे-मुंबईकरांचा. सुटीच्या दिवशी गर्दी आणि सोमवारी शांतता, अशा तालावर लाखांचे नगर जगत नाही. याच तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी आहे. तेथे कोणी सरोवर दाखवले नाही, इटालियन रंग दिला नाही; काम होते म्हणून माणसे आली, आणि रस्ते अपुरे पडेपर्यंत आली.

दिवाळखोरी आणि वस्ती

३० ऑगस्ट २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने लवासाविरुद्धची दिवाळखोरी प्रक्रिया दाखल करून घेतली. जुलै २०२३ मध्ये डार्विन प्लॅटफॉर्म या समूहाची १,८१४ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. ठरलेली रक्कम न भरल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये ती मंजुरी रद्द ठरली. तत्पूर्वी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाला दिलेल्या सवलतींना आव्हान देणारी जनहित याचिका निकाली काढली. प्रक्रियेवर न्यायालयाने प्रतिकूल निरीक्षणे नोंदवली. परंतु याचिका फार उशिरा आली आणि दरम्यान बांधकाम होऊन गेले, या कारणास्तव हस्तक्षेप केला नाही. वस्तीच्या इतिहासात असे वारंवार घडते. एकदा घर उभे राहिले की ते स्वतःच पुरावा होते. मुळशीच्या काठावर सरकून बांधलेल्या मावळ्यांच्या झोपड्यांना मात्र हा न्याय कधी लागू झाला नाही. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत दासव्याच्या उतारावरील दरड कोसळून बंगले गाडले गेले, तेव्हा उताराचा आणि पावसाचा जुना हिशेब पुन्हा पुढे आला.

दिवाळखोरीच्या कायद्यात जून २०१८ मधील दुरुस्तीने घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको मानले आहे. त्यामुळे दासव्यात ज्यांनी सदनिकेसाठी पैसे भरले, त्यांना धनको म्हणून दावा नोंदवता येतो. बँकांनाही येतो, ठेकेदारांनाही येतो. ज्याने एकरकमी पैसे घेऊन वरकस जमीन विकली, त्याचे कोणतेच येणे कंपनीकडे नाही. तो या कायद्यापुरता या नगराशी असंबद्ध आहे. तथापि प्रत्यक्षात हॉटेलांतील झाडलोट, बागकाम, पहारा आणि रस्त्याकडेच्या मक्याच्या कणसांच्या व भजीच्या गाड्या ही कामे बव्हंशी आसपासच्या वाड्यांतील लोकच करतात. पावसाळ्यात ती गाडी चांगली चालते. उन्हाळ्यात, जलाशयाची पातळी उतरली की त्यांतील काही जण पाण्यातून वर आलेल्या गाळपेऱ्यात भाजीपाला लावतात.